निर्जन किनाऱ्यावर पहिल्यांदा जाताना: भोगवे-निवतीचा समुद्र, पोहणं आणि तंबू

कोकणात गर्दी नसलेला किनारा शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते तिथे नीट वागणं. जिथे माणसं नाहीत तिथे जीवरक्षकही नाही, लाल बावटा नाही, चहाची टपरी नाही आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. मालवणच्या किंवा गणपतीपुळ्याच्या गर्दीत जे काम फलक, शिट्ट्या आणि आजूबाजूची शंभर माणसं करतात, ते इथे तुमचं तुम्हालाच करावं लागतं. त्यातला निम्मा भाग पाण्यात उतरण्याआधी, गावातच उरकतो.

उदाहरणासाठी मी सिंधुदुर्गातलं भोगवे घेतलं आहे. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला देवबागची चिंचोळी पट्टी आणि दक्षिणेला वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे. लांबलचक पांढरी वाळू, मागे माडांच्या वाड्या आणि दक्षिणेच्या टोकाला निवतीच्या किल्ल्याची टेकडी. किल्ल्यावर फारसं बांधकाम उरलेलं नाही, पण तिथून अख्खा किनारा एका नजरेत येतो, म्हणून आल्याबरोबर आधी तिथे चढून जावं. लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत, खडक कुठे आहेत, नदीचं गढूळ पाणी किती आत जातं, हे वरून जितकं कळतं तितकं वाळूवर उभं राहून कळत नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर घामाने जीव जातो, तंबूत तर दुपारी बसवत नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात पावसाआधीची मोठी लाट यायला लागते. १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते आणि गावचे लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत समुद्राशी सलगी करत नाहीत. ज्यांचं पोट त्यावर आहे ते दोन-अडीच महिने थांबतात, तर आपण हौसेसाठी पावसाळ्यात उतरायचं काही कारण नाही.

चांगल्या मोसमातही निघण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा उंच लाटांचा इशारा. दोन्ही फुकट मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' या किनाऱ्याने पाहिलं आहे. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागल्याचं कळलं तर पाण्याचा बेत रद्द करून किल्ले बघा, मासे खा.

पंचांग उघडा

हा भाग कंटाळा न करता वाचा, कारण पोहायची वेळ आणि तंबूची जागा दोन्ही यावर ठरतात.

दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची साधारण साडेबारा तासांनी येते, म्हणून रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याकडे ती थोडी आधी होते. मोबाइलवर नेमकं वेळापत्रक मिळतंच, पण रेंज गेली की पाऊणपटच कामाला येते.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हा फरक कमी. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, सिंधुदुर्गात त्याच्या साधारण निम्मं. निम्मं म्हणून निर्धास्त होऊ नका. उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर मीटरभर उंचीचा फरकही पाण्याला बरंच आत आणतो.

आता गंमत बघा. तंबूसाठी सगळ्यांना पौर्णिमा हवी असते, कारण चांदणं. पण पौर्णिमेला पूर्ण भरती मध्यरात्रीच्या सुमारास असते आणि तीही उधाणाची, म्हणजे तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हाच पाणी सगळ्यात वर येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी अष्टमी-नवमीच्या जवळचा शनिवार-रविवार सुचवीन. दुपारपासून संध्याकाळपर्यंत पाणी हळूहळू चढत असतं, पोहायला तीन ते पाच ही वेळ मिळते आणि रात्री पाणी लांब गेलेलं असतं. चंद्र अर्धा असतो, एवढंच.

आधी गाव, मग समुद्र

रेल्वेने आलात तर कुडाळला उतरा. कोकणकन्या तिथे थांबते. पुढे परुळ्यामार्गे भोगव्याला एसटी किंवा रिक्षा. परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. मुंबई-गोवा महामार्गावरून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनाही कुडाळ सोपं पडतं. रोख पैसे कुडाळलाच काढून घ्या. मोबाइलने पैसे देणं सगळीकडे चालतं, पण रेंज असेल तर.

उजेडात पोचा. रात्री नऊला हेडलाइट मारत वाळूपर्यंत गेलात तर गावात संशय येणारच. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रं असलेली बेवारस बोट सापडली, त्यामुळे किनाऱ्यावरची गावं अनोळखी माणसांबद्दल जागरूक असतात आणि असायलाच हवीत. आपण कोण, किती जण, किती रात्री, हे ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना सांगा. ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. वाळूवर तंबू ठोकायला तिथे परवानगी आहे का, हे त्यांनाच विचारा. सगळ्या किनाऱ्यांचा नियम सारखा नसतो. 'नको' म्हणाले तर वाद घालू नका.

खरं सांगायचं तर पहिल्या वेळी तंबू वाळूवर नकोच. किनाऱ्यालगतच्या एखाद्या घरी विचारा: 'काका, तुमच्या वाडीत एक रात्र तंबू लावला तर चालेल का?' बहुतेक ठिकाणी घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय असते, थोडे पैसे घेऊन वाडीत जागा, विहिरीचं पाणी आणि संडास वापरू देतात. लाटांचा आवाज तेवढाच येतो आणि अडीअडचणीला शेजारी माणूस असतो. ज्या मंडळींना हे 'खरं कॅम्पिंग' वाटत नाही, त्यांनी रात्री दोनला पोट बिघडल्यावर वाळूत काय करायचं याचा आधी विचार करावा.

जेवण सकाळीच सांगून ठेवा. गावात हॉटेलासारखं तयार काही नसतं. जी मासळी मिळेल तिचं तिखलं, सोबत भात आणि सोलकढी. शाकाहारी असाल तर तेही आधी सांगा, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे मिळाले तर तुम्ही भाग्यवान.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: 'पोहायला कुठे जायचं नाही?' कुठे जायचं, हे विचारू नका. कुठे नाही, हे विचारा. त्याचं उत्तर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काम करणारा कुणीही एका वाक्यात देतो. भोगव्यासारख्या ठिकाणी ते बहुधा असं असेल: 'मुखाकडे जाव नकात.' नदीच्या मुखाजवळ ओहोटीला खाडीचं सगळं पाणी एका अरुंद वाटेने समुद्रात पळत असतं आणि तिथला वाळूचा तळ सारखा बदलतो. काल कंबरभर होतं तिथे आज पुरुषभर असू शकतं. पट्टीचा पोहणाराही त्या ओढीपुढे टिकत नाही. मुखापासून चांगलं लांब राहा, ओहोटीला तर तिकडे फिरकूच नका.

पाण्यात

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. दोन्ही तारखा पावसाळ्याबाहेरच्या आहेत. समुद्र शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित असतो, हा समज सोडून द्यायला एवढं पुरेसं आहे.

उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत बसा. लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटत असताना मध्येच एक पट्टा सपाट, जरा काळपट किंवा गढूळ दिसतो आणि त्यावरून फेस आत, समुद्राकडे, जाताना दिसतो. नवख्याला वाटतं, तिथे लाटा नाहीत म्हणजे तीच जागा चांगली. नेमकी तीच वाईट. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत जात असतं. यालाच रिप करंट म्हणतात. खडकाच्या कडेलाही अशी वाट बऱ्याचदा असते, म्हणून निवतीच्या टेकडीच्या पायथ्याशी खडकांना चिकटून पोहू नका. तिथल्या छोट्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या पट्टीवर, खडकांवरून चालत जाणार असाल तर पाणी उतरत असताना जा आणि चढायच्या आत परत या, नाहीतर वाट पाण्याखाली जाते.

आपला किनारा किती उतरता आहे तेही बघा. लाट अगदी वाळूवर येऊन धाडकन आपटत असेल तर दोन पावलांत पाणी खोल होतं. लाटा लांबवर फुटून हळूहळू पसरत येत असतील तर उतार कमी. मुलं असतील तर दुसऱ्या प्रकारचीच जागा निवडा, आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवा. 'नजर आहे' म्हणणं आणि हात पोचणं यात फार फरक असतो.

भरती चढत असताना उतरा, ओहोटी लागली की बाहेर या. पाणी कमरेच्या वर नको. पोहायचं असेल तर आत न जाता किनाऱ्याला समांतर पोहा. तरणतलावातले दोन तास इथे वीस मिनिटांच्या बरोबरीचे समजा. लाटा दमवतात आणि खारं पाणी नाकातोंडात गेलं की माणूस गोंधळतो. एक जण कायम बाहेर, कोरडा आणि शुद्धीवर हवा. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नको, हे प्रत्येक गटात कुणालातरी ठामपणे सांगावं लागतं. ते काम कोण करणार हे घरून निघतानाच ठरवा.

कपडे अंगासरशी, सुती नकोत. जीन्स, ओढणी, साडी पाण्यात जड होतात आणि पायांत अडकतात. पूर्ण बाह्यांचा पोहायचा पोशाख घातला तर उन्हापासून आणि जेलीफिशपासूनही बचाव होतो.

ट्यूब आणि हवा भरायच्या गाद्या घरी ठेवा. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत मतलई वारा वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. त्या वेळी पाणी काचेसारखं सपाट असतं आणि ट्यूबवर पहुडलेला माणूस आपण सरकतो आहोत हे कळायच्या आत लांब गेलेला असतो. दुपारी खारा वारा सुरू झाला की उलट होतं, पण तेव्हा लाटा वाढतात.

ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. ती ओढ तुम्हाला आत नेते, तळाशी खेचत नाही. उताणे होऊन तरंगा, श्वास सांभाळा, हात वर करून हलवा. ओढ सैल झाली की आधी किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला सरका आणि मग लाटांबरोबर बाहेर या. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी टाकू नका, हाताला हात धरून साखळीही करू नका. एकाच्या मागे चौघे जातात ते असेच. तरंगणारं काहीतरी फेका. यासाठी मी कायम एक युक्ती सांगतो: झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन आणि त्याला बांधलेली वीस-पंचवीस मीटर दोरी, पोहताना वाळूवर तयार ठेवायची. पाणी आणायला कॅन लागतोच, तोच वापरायचा. त्याच वेळी कुणीतरी गावाकडे धावत सुटायचं, कारण होडी तिथे आहे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा करणं, पोट दाबणं यात वेळ घालवू नका. तोंडावाटे दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी नंतर त्रास देतं. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा: सर्वसाधारण मदत ११२, रुग्णवाहिका १०८, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४.

छोट्या त्रासांचं थोडक्यात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून फरफटत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढा. वाळूवर पडलेला समुद्री साप मेलेला वाटला तरी हात लावू नका.

सकाळी रापण ओढत असतील तर त्या जाळ्याच्या आत पोहायचं नाही. दोरीला हात लावायला बोलावलं तर जरूर जा.

तंबू

वाळूवर शेवाळ, शिंपल्या, काटक्या यांची एक ओळ दिसते. आदल्या भरतीचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. उधाणाच्या दिवसांत ते त्याच्याही वर येऊ शकतं, म्हणून खूण धरायची ती मर्यादवेलीची. जांभळ्या फुलांची ही वेल जिथे पसरली आहे तिथवर भरतीचं पाणी सहसा येत नाही. तंबू तिच्या मागे, पण तिला तुडवून नव्हे. वाळूचा बांध तिच्याच मुळांनी धरलेला असतो. मागे सुरूचं बन असेल तर जागा उत्तम. माडाखाली मात्र कधीही नाही. नारळ पडायची वेळ सांगून येत नाही.

साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. प्लास्टिकच्या किंवा कापडी पिशव्यांत वाळू भरा, त्यांना दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. तंबूचं दार मतलईकडे, म्हणजे पूर्वेला ठेवलं तर पहाटे थंडी आत येते. पश्चिमेला ठेवलं तर संध्याकाळी वाळू येते. मी पश्चिम पत्करतो, वाळू झाडता येते. डिसेंबर-जानेवारीत दव इतकं पडतं की बाहेर ठेवलेले कपडे सकाळी पिळावे लागतात, तेव्हा वरचं आच्छादन ताऱ्यांसाठी काढून ठेवायचा मोह टाळा.

सामानाची लांबलचक यादी देत नाही. पण हे विसरू नका:

- माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी, उन्हात त्याहून थोडं जास्त
- डोक्याला लावायचा दिवा, शक्यतो लाल उजेडाची सोय असलेला
- डासांचं औषध आणि पातळ पांघरूण
- झाकण घट्ट बसणारे डबे. कोल्हे आणि कुत्री रात्री वास काढत येतात
- कचऱ्यासाठी दोन मजबूत पिशव्या
- नेहमीची औषधं, चिमटा, मीठ-साखरेची पाकिटं

काचेच्या बाटल्या नकोत. मोठा स्पीकर नको. गाडी वाळूवर घालू नका. ओल्या वाळूत चाकं बसतात, भरती थांबत नाही, आणि मग गावातले लोक झोपेतून उठून तुमची गाडी ढकलतात.

शेकोटीबद्दल माझं मत ठाम आहे: नको. सुरूच्या वाळलेल्या पानांचा थर ठिणगीने पेटतो. विस्तवावर वाळू लोटून निघून गेलात तर निखारे आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी रापणीला आलेल्या कुणाच्यातरी अनवाणी पायाखाली येतात. स्वयंपाकाला छोटी गॅसशेगडी पुरते. गावकऱ्यांच्या परवानगीने पेटवलीच तर शेवटी भरपूर पाणी ओता आणि हात लावून बघा.

दुसरं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. रत्नागिरीतलं वेळास यासाठी प्रसिद्ध आहे, पण वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही घरटी जपली जातात आणि मादी कुठल्याही शांत पुळणीवर चढू शकते. उजेड दिसला की ती अंडी न घालता परतते. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. तुमचा दिवा समुद्रापेक्षा जास्त चमकत असेल तर ती तुमच्याकडे येतील. रात्री मादी दिसली तर दिवा बंद करा, लांब बसा, फ्लॅश मारू नका, आणि ती गेल्यावर गावात कळवा म्हणजे वनखात्यापर्यंत निरोप जाईल. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याला किंवा अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे.

अंधारात पाण्यात उतरायचं नाही. लाटांमध्ये निळसर चमक दिसली तरी नाही. घोट्याइतक्या पाण्यात उभं राहूनही ती दिसते.

निघताना

कचरा गावाच्या कुंडीत टाकून मोकळे होऊ नका. लहान ग्रामपंचायतीकडे तो हलवायची सोय बेताचीच असते, शेवटी त्याच किनाऱ्याच्या मागे जाळला जातो. कुडाळपर्यंत न्या, जमलं तर घरी. वाळूसाठी वापरलेल्या पिशव्या उकरून काढा आणि खड्डे बुजवा, कासवाचं पिल्लू त्यात अडकतं. वाडीत राहिला असाल तर ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या, आणि शेजारच्या काकूंकडून कोकमं, आगळ विकत घ्या.

घरी आल्यावर तंबू तसाच बांधून माळ्यावर टाकू नका. चेन आणि दांड्यांचे सांधे गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि चेनीवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवा. मिठाने चेन एका हंगामात जाम होते, आणि ती नेमकी पुढच्या वेळी मध्यरात्री अडकते.